‘त्राटिका’ : प्रेम की माणसाळविणे?

आवाज चढवून बोलणाऱ्या, कोणाचे निमूटपणे ऐकून न घेणाऱ्या मुलीला आपल्या घराघरांतून एक पदवी फार सहज बहाल होते : ‘त्राटिका’. माझ्या घरची बोली कोकणी. हा शब्द मला मराठीने दिला, आणि उज्जयिनीतल्या मराठी घरांतही तो मी कितीदा तरी ऐकला आहे. नाव मूळचे रामायणातल्या राक्षसीचे. विश्वामित्राच्या आज्ञेवरून रामाने तिचा वध केला, ही कथा लहानांनाही ठाऊक असते. परंतु अरण्यातल्या राक्षसीचे नाव माजघरातल्या भांडणापर्यंत आणून सोडण्यात एका मराठी नाटकाचाही मोठा वाटा असावा, असे मला वाटते.

ते नाटक म्हणजे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांचे ‘त्राटिका’. टिळक-आगरकरांचे हे सहकारी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत. १८९०च्या सुमारास त्यांनी शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या सुखान्त नाटकास महाराष्ट्रीय वेष चढविला, आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर गाजविले. गणपतराव जोशी प्रतापराव होत, आणि बाळाभाऊ जोग त्राटिका. म्हणजे जिला पुरुषाने वठणीवर आणावयाचे ती स्त्रीही पुरुषच! शेक्सपिअरच्या काळी लंडनमध्येही स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करीत.

मूळ नाटक १५९०च्या आसपासचे; छापले गेले ते १६२३ साली, कवीच्या मृत्यूनंतर. इटलीतील पादुआ नगरीतल्या बाप्तिस्ता नामक धनिकास दोन कन्या. थोरली कॅथरीना तोंडाची तिखट, धाकटी बियांका शांत. थोरलीचे लग्न झाल्यावाचून धाकटीचे करावयाचे नाही, असा पित्याचा निश्चय. धाकटीला मागण्या पुष्कळ, थोरलीच्या वाटेस कोणी जात नाही. इतक्यात वेरोनाहून पेत्रूचिओ येतो. श्रीमंत बायको मिळवावयास आपण आलो आहोत, हे तो उघड बोलून दाखवितो. कॅथरीनेला त्याने अद्याप पाहिलेलेही नसते, आणि हुंड्याचा आकडा ठरतो : वीस सहस्र क्राउन रोख आणि पित्याच्या मागे अर्धी जमीन. मुलीचे मन मिळवलेस तरच हे सारे, असे पिता म्हणतो खरा. पण पुढे ती नकार देत असताना त्याच पित्याच्या देखत लग्नाचा रविवार मुक्रर होतो.

येथून विनोदाला खरा रंग चढतो. वर फाटका वेष करून उशिरा लग्नास येतो, आणि जेवणावळ सुरू होण्यापूर्वीच वधूला उचलून नेतो. ही माझी मालमत्ता, माझे घर, माझे घोडे, असे तो भरसभेत सांगतो. घरी पोहोचल्यावर मांस करपले म्हणून ताट फेकून देतो आणि तिला उपाशी ठेवतो. अंथरूण नीट घातले नाही म्हणून रात्रभर आरडाओरडा करून तिला झोपू देत नाही. आणि हे सारे कशासाठी? तिच्यावरील प्रेमासाठी! तिच्या प्रकृतीची त्याला काळजी! प्रेक्षक हसून लोळतात.

परंतु पेत्रूचिओ रंगमंचावर एकटा असताना काय बोलतो, तिकडे लक्ष द्यावे. शिकारी आपल्या ससाण्याला ज्या रीतीने माणसाळवितो, तीच रीत आपण योजिली आहे, असे तो प्रेक्षकांना विश्वासात घेऊन सांगतो. ससाण्याला मारीत नाहीत. त्याला उपाशी ठेवतात, जागा ठेवतात, आणि मग घास दाखवितात. पुढे तो उघड्या आकाशातूनही धन्याच्या मुठीवर परत येतो. या नवऱ्याने बायकोवर हात उगारलेला नाही, हे त्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. ससाण्याची उपमा ऐकल्यावर त्या बचावात मला काही अर्थ दिसत नाही. अखेरीस माहेरच्या वाटेवर तो भर दुपारी सूर्याला चंद्र म्हणतो, आणि तीही चंद्र म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकीत नाही. अन्न गेले, निद्रा गेली. आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खरे मानण्याचा हक्कही गेला. नियंत्रणाची परमावधी याहून निराळी ती कोणती?

हे नाटक पाहणाऱ्या महाराष्ट्रात त्याच सुमारास हा प्रश्न न्यायालयात गाजून गेला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पतीच्या घरी जाण्याचे नाकारले. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली त्यांच्यावर दावा लावला. १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. परंतु अपिलानंतर मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, एक महिन्याच्या आत नांदावयास जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. तुरुंग पत्करीन, असे रखमाबाईंनी कळविले. पत्नीला सक्तीने नांदावयास पाठविण्याचा हा हक्क आपल्या धर्मशास्त्रातून आलेला नव्हता, तो इंग्लंडच्या धर्मपीठीय कायद्यातून आला होता. आणि खुद्द इंग्लंडात त्यासाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ सालीच रद्द झाली होती! शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांनाही कोणी ना कोणी ‘त्राटिका’ म्हटलेच असेल. मात्र नाटकातल्या त्राटिकेसारखा त्यांचा शेवट झाला नाही.

तो शेवट असा. धाकट्या बियांकेचे लग्न प्रेमाने जुळलेले. तिचा प्रियकर शिक्षकाचे सोंग घेऊन येतो, आणि लॅटिनच्या ओळी शिकविता शिकविता मधेच आपले मनोगत सांगतो. (आम्हा शिक्षकमंडळींना हा प्रवेश वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते.) बियांका त्याच ओळींचा आधार घेऊन उत्तर देते : विश्वास ठेवीत नाही, पण निराशही होऊ नये. या घरात मन विचारले गेले ते एवढ्याच प्रवेशात. पण लग्नाच्या मेजवानीत तिघे नवरे शंभर क्राउनची पैज लावतात, की कोणाची बायको हाक मारताच येते. बियांका येत नाही. कॅथरीना येते, एवढेच नव्हे, तर पतीच्या आज्ञेत राहण्याविषयी चव्वेचाळीस ओळींचे भाषण करते. सासरा खूश होऊन आणखी वीस सहस्र क्राउन देतो. जणू ही दुसरीच मुलगी, म्हणून दुसरा हुंडा! नाटककाराने हिशेब असा चोख मांडून ठेवला आहे. तो वाचावयाचा की नुसते हसावयाचे, हे प्रेक्षकावर सोडले आहे.

काही नट्या ते भाषण मनापासून करतात, काही डोळा मिचकावून, काही मोडून पडलेल्या स्त्रीच्या स्वरात. शब्द तेच, अर्थ तीन. शिवाय ही सारी कथा एका झिंगलेल्या कल्हईवाल्यापुढे चाललेला खेळ आहे, अशी नाटकाची प्रस्तावना आहे. गंमत म्हणून त्याला सरदार बनविलेले असते, आणि त्याची ‘पत्नी’ म्हणून एका पोऱ्याला लुगडी नेसविलेली असतात. स्त्रीने कसे असावे याचा धडा ज्याला ऐकविला जातो, त्याची बायकोच खोटी आहे. शेक्सपिअरच्या हयातीतच जॉन फ्लेचर याने या नाटकाला उत्तर लिहिले. त्यात कॅथरीना वारल्यावर पेत्रूचिओ दुसरे लग्न करतो, आणि नवी पत्नी मारिया दाराला कडी लावून त्यालाच माणसाळविते. १६३३च्या नोव्हेंबरात दोन्ही नाटके दोन दिवसांच्या अंतराने राजा चार्ल्सपुढे झाली. दरबारी नोंदीप्रमाणे शेक्सपिअरचे नाटक आवडले. फ्लेचरचे फारच आवडले.

आपल्याकडे असे उत्तर शोधावयास लंडनला जावे लागत नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ घडते ते उज्जयिनीतच, आणि शेक्सपिअरच्या कित्येक शतके आधी. मराठीत ते आणणारे गोविंद बल्लाळ देवल यांनीच ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. पहिल्याच अंकात राजाचा मेहुणा शकार गणिका वसंतसेनेच्या मागे लागतो. सत्ता त्याच्या हाती, सोबत त्याचे लोक, आणि प्रेमाच्या आणाभाका पेत्रूचिओइतक्याच मोठ्या आवाजात. ती त्याला सांगते की, अनुराग गुणांमुळे उपजतो, जबरदस्तीने नव्हे. आणि दरिद्री चारुदत्ताच्या घरात शिरते. जन्माने गणिका, म्हणून जिचे मन कोणी विचारू नये अशी समाजाची समजूत, ती हे बोलते आपल्याच नगरीच्या एका रस्त्यावर, रात्री, काळोखात.