मंडळ आपलेच; पण मुलांची जबाबदारी कोणाची?

खारच्या पश्चिमेला इमारतींचे रस्ते संपून समुद्राचा वारा लागू लागला, की खारदांड्याचा कोळीवाडा सुरू होतो. मासेमारीवर चालणाऱ्या घरांचे वेळापत्रक घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर आणि बाजाराच्या वेळेवर ठरते. वडील दर्यावर, आई मासळीच्या पाटीशी, आणि शाळा सुटल्यावर मुले कोठे, या प्रश्नाला मुंबईच्या कोळीवाड्यांत, गावठाणांत आणि चाळींत पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर मिळत आले आहे : मंडळात. कबड्डीचे मैदान असो, फुटबॉलचा चमू असो, व्यायामशाळा असो की गोविंदा पथक. फी नाममात्र, प्रशिक्षक म्हणजे वस्तीतलाच जुना खेळाडू आणि मानधन बहुधा शून्य. या मंडळांनी असंख्य मुलांना शिस्त दिली, काहींना खेळाच्या जोरावर नोकऱ्याही मिळवून दिल्या.

परंतु याच आपलेपणात एक उणीव दडलेली आहे. प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो म्हणून कोणीच कोणाला काही विचारत नाही. प्रशिक्षक ‘दादा’ असतो, अध्यक्ष ‘काका’ असतात. मुलाला बाहेरगावच्या सामन्यांना कोण नेते, रात्री सभागृहाची किल्ली कोणाकडे असते, असे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी समजूत असते. मुलांचे रक्षण हा विश्वासाचा भाग मानला जातो. वास्तविक तो व्यवस्थेचा भाग आहे. कायद्यानेही तो आता तसाच मानला आहे. किती मंडळांना याची जाणीव आहे, हा खरा प्रश्न आहे.

धोका अनोळखी माणसाकडूनच असतो?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीचे अथवा विश्वासाच्या नात्यातले होते. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार’ आणि ‘घरचाच माणूस आहे’ ही दोन्ही वाक्ये या आकड्यांपुढे टिकत नाहीत.

खेळात या विश्वासाला आणखी एक धार येते. संघात निवड कोणाची, जिल्हा चाचणीला नाव कोणाचे, हे प्रशिक्षकाच्या हाती असते. शरीराला हात लावून शिकवणे हा खेळाचाच भाग असतो. कबड्डीची पकड किंवा कुस्तीचा डाव लांबून शिकवता येत नाही. मालिश, दुखापतीची तपासणी, वजनगटासाठी वजन घेणे, मुक्कामी स्पर्धा या सर्व गोष्टी रास्त आहेत. पण गैरहेतूने वागणाऱ्याला त्यांच्याआड लपता येते. अमेरिकेतील जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. त्याच्या खटल्यातून पुढे आलेली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, उपचाराच्या नावाखाली त्याने केलेले काही अत्याचार पालक त्याच खोलीत असताना घडले होते. केवळ ‘आम्ही जवळच होतो’ एवढ्याने मूल सुरक्षित ठरत नाही. काय योग्य आणि काय अयोग्य, हे मुलाला व पालकाला आधी ठाऊक असावे लागते.

दोन प्रकरणांचा धडा

आपल्या देशातील उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. १९९० मध्ये हरियाणातील पंचकुला येथे चौदा वर्षांच्या एका टेनिस खेळाडू मुलीचा विनयभंग झाला. करणारा होता राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष, जो स्वतः वरिष्ठ पोलीस अधिकारी होता. मुलीने व कुटुंबाने तक्रार केली. परंतु १९९३ मध्ये तिने जीवन संपवले, आणि दोषसिद्धी व्हायला २००९ साल उजाडले. तीही अवघ्या सहा महिन्यांच्या शिक्षेची. पुढे ती शिक्षा वाढवण्यात आली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम केला. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच संघटनेचा प्रमुख असेल, तर संघटनेच्या आत दाद मागण्यास जागाच उरत नाही, हा या प्रकरणाचा धडा.

दुसरे प्रकरण शेजारच्या गोव्यातले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये गोवा जलतरण संघटनेच्या एका प्रशिक्षकावर पंधरा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराचा आरोप झाला. संघटनेने त्याला काढून टाकले, पोलिसांनी अटक केली. त्या वेळी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना, या व्यक्तीला देशात कोठेही प्रशिक्षक म्हणून घेतले जाणार नाही याची काळजी घ्या, असे जलतरण महासंघाला जाहीरपणे सांगावे लागले. कारण उघड आहे. एका ठिकाणाहून गाजावाजा न करता निरोप दिलेला माणूस दुसऱ्या गावी नव्याने ‘सर’ होऊ शकतो. मंडळाने प्रकरण ‘आपापसात मिटवणे’ म्हणजे पुष्कळदा ते पुढच्या मंडळाकडे पाठवणे असते.

कायदा मंडळापर्यंत पोहोचतो तो असा

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजेच ‘पोक्सो’, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या कक्षेत येते. मुलाबाबत विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावर असलेल्या व्यक्तीने केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. प्रशिक्षक नेमका याच स्थानावर असतो.

मंडळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम १९ आहे. गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याची भीती ज्याला वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद व दंड. उलट, प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर पुढे कोणतीही कारवाई होऊ शकत नाही. २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेच्या प्रकरणात आरोप सफाई कर्मचाऱ्यावर होता. तरी घटना वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

मार्च २०२० मध्ये आलेल्या ‘पोक्सो’च्या नव्या नियमांनी हे आणखी स्पष्ट केले. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांची नावे घेताना या नियमांत शाळा व पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमींचाही उल्लेख आहे. अशा संस्थांनी कायम वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करावी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण द्यावे, असे नियम सांगतो. ‘आमचा प्रशिक्षक पगारी नाही, म्हणून नियम लागू नाही’ अशी पळवाट कोणी शोधू नये. मुलाच्या दृष्टीने पगारी आणि विनापगारी यांत फरक नसतो. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही महिला व अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. ती वरून झिरपत गल्लीपर्यंत येण्याची वाट पाहण्याचे मंडळांना कारण नाही.

थरावरचे मूल

रक्षण म्हणजे केवळ लैंगिक अत्याचारापासून रक्षण नव्हे. मुंबईकरांना परिचित असलेले उदाहरण दहीहंडीचे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवण्यास आणि वीस फुटांहून उंच थरांना मनाई केली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि परत आला. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा सुटली. चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही, ही राज्य सरकारची भूमिका न्यायालयाने नोंदवून घेतली. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसरला सराव चालू असताना अकरा वर्षांचा एक मुलगा थरावरून कोसळून मृत्युमुखी पडला आणि पथकाच्या अध्यक्षावर गुन्हा दाखल झाला.

या घटनेत कोणाचाही हेतू वाईट असण्याची गरज नव्हती. वजनाने हलके मूल वर चढवायचे, ही जुनी रीत. आणि ‘थांबा’ म्हणण्याची जबाबदारी नावानिशी कोणाकडे दिलेली नसणे, ही जुनी चूक. मैदानावर मारणे, उन्हात उपाशी पळवणे, दुखऱ्या गुडघ्यावर खेळायला लावणे हेही याच मालिकेत बसते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण करणे वा अनावश्यक शारीरिक-मानसिक यातना होतील असे वागवणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. ‘मार खाल्ल्याशिवाय खेळाडू घडत नाही’ हे वाक्य कायद्यापुढे बचाव होऊ शकत नाही.

अठरा पूर्ण झाले, मग?

अठराव्या वाढदिवसाला ‘पोक्सो’चे छत्र संपते, प्रशिक्षकाचा अधिकार मात्र संपत नाही. सज्ञान महिला खेळाडूंसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यात ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे स्थळ यांचा स्पष्ट समावेश आहे, आणि तक्रारदार महिला तेथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेतील महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत साधारणपणे तीन महिन्यांची आहे.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या सज्ञान खेळाडूंची स्थिती अधिक नाजूक आहे. मानसिक वय लहान असल्याने अशा व्यक्तीला ‘पोक्सो’चे संरक्षण मिळावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमान्य केली, कायद्यातील वय हे शारीरिक वयच, असा निर्णय दिला. त्यांच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आहे. त्यानुसार छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. पण मंडळाने कायद्याच्या आधी एक साधी गोष्ट करावी : अशा खेळाडूचे वय न पाहता, त्याला मुलाइतकीच सोबत आणि देखरेख द्यावी, आणि निर्णय मात्र त्याला विचारूनच घ्यावेत.

मंडळाने करावयाच्या गोष्टी

यासाठी मोठा निधी लागत नाही. ठराव आणि सातत्य लागते.

पहिली गोष्ट, जबाबदार व्यक्ती नावाने नेमणे. कार्यकारिणीत दोघे असावेत, त्यांत एक महिला असावी, आणि दोघेही प्रशिक्षक नसावेत. त्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक फलकावर लावावेत. अध्यक्षाविरुद्धच तक्रार असेल तर मंडळाबाहेर कोठे जायचे, तेही त्याच फलकावर असावे.

दुसरी, एकांत टाळणे. सराव उघड्यावर किंवा दार उघडे ठेवून व्हावा. वजन, मालिश व दुखापतीची तपासणी दोन मोठ्यांच्या समोर व्हावी आणि मुलाने ‘नको’ म्हटल्यास थांबावे. कपडे बदलण्याच्या जागेत मोबाइल नसावा. प्रशिक्षकाने मुलाला एकट्याला खासगी संदेश पाठवू नयेत. पालक असलेल्या गटातच सूचना द्याव्यात.

तिसरी, प्रवास व मुक्काम. प्रकाशझोतातील सामने रात्री उशिरा संपतात. कोणते मूल कोणाबरोबर घरी गेले, याची नोंद ठेवावी. बाहेरगावी मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असावी, आणि प्रशिक्षक व मुले एका खोलीत झोपू नयेत. पालकांची लेखी संमती असावी.

चौथी, नव्या माणसाची चौकशी. आधीच्या मंडळात विचारणा करावी आणि पोलीस पडताळणी करून घ्यावी. जुन्या, मानाच्या माणसालाही हा नियम लागू असावा. नाहीतर नियम हाच अपमान ठरतो.

मूल बोलले तर

मूल सांगते तेव्हा ते क्वचितच सरळ सांगते. ‘मला उद्यापासून जायचे नाही’ एवढेच ते म्हणते. अशा वेळी शांतपणे ऐकावे, विश्वास दाखवावा, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. उलटतपासणी घेऊ नये, आरोपीसमोर उभे करू नये, मंडळाने स्वतःची चौकशी आरंभू नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि पोलिसांना कळवावे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. ती आजही उपलब्ध आहे, तसेच ११२ हा क्रमांकही आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यावा, असे कायदा सांगतो. मुलाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. वस्तीच्या गटावर फिरणारा एक संदेशही त्याला पुरेसा ठरतो.

खोट्या तक्रारीची भीती अनेक प्रशिक्षक बोलून दाखवतात. ती सर्वस्वी अनाठायी नाही. द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्या सज्ञान व्यक्तीला कायद्यात शिक्षा आहे. परंतु वरील नियम प्रामाणिक प्रशिक्षकाचेही रक्षण करतात. उघड्या दारामागे, दुसऱ्या साक्षीदारासमोर काम करणाऱ्यावर बालंट येणे कठीण असते.

नोंदणीकृत मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. तेथे वर्गणीचा आणि खर्चाचा पै-पैचा हिशेब विचारला जातो, आणि तो विचारणे कोणाला अपमान वाटत नाही. त्याच सभेत पालकांनी तीन प्रश्न विचारावेत : मुलांची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे, प्रशिक्षकांची पडताळणी झाली का, आणि तक्रार आली तर पुढे काय होते. उत्तर नसेल, तर त्याच सभेत ठराव मांडावा.