समुद्रासाठी बनवलेली आग, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या खुर्चीत

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण सोडते, मग कासू येते, मग नागोठणे. याच पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या काठी डोलवीचा पोलाद कारखाना आहे. तिथे वितळलेलं पोलाद भट्टीतून बाहेर ओततात तेव्हा त्याचं तापमान १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. जवळ जाणाऱ्या कामगाराच्या अंगावर उष्णता परतवणारा चंदेरी कोट असतो, चेहऱ्यावर जाळी किंवा काच असते, पायात खास बूट असतात. कोण कुठे उभं राहायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

फुटबॉलच्या मैदानात प्रेक्षक जो फ्लेअर पेटवतात, तोही १६०० अंशांपर्यंत जातो. ब्रिटनमध्ये प्रेक्षकांना इशारा देताना हाच आकडा सांगतात. फ्लेअरमधली आग मूठभर आणि भट्टीतलं पोलाद शेकडो टन, हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण कातडीला टनांशी देणंघेणं नसतं. फ्लेअर धरणाऱ्या पोराच्या अंगात बहुतेक वेळा आवडत्या क्लबची जर्सी असते. ती असते पॉलिएस्टरची, आणि पॉलिएस्टर २५०-२६० अंशांना वितळतं. सुती कापड जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतं.

रायगडात फुटबॉलपेक्षा कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट जास्त. पण कासूचा मुलगा पनवेलला गाडी बदलून नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पोचू शकतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने तिथे झाले. मोबाइलवर तर तो रोज युरोपातली लाल धगधगती स्टँड बघतो. रंगीत धुराच्या नळ्या आता हळदीला, वरातीला, मिरवणुकीला सर्रास दिसतात. तेव्हा हे फक्त मिलानचं किंवा इस्तंबूलचं प्रकरण उरलेलं नाही. म्हणूनच या वस्तूंचे आकडे नीट समजून घ्यावेत असं मला वाटतं. त्यातला सगळ्यात बोलका आकडा तापमानाचा नाही, अंतराचा आहे.

फ्लेअर मुळात बोटीवरची वस्तू. बोट बुडायला लागली तर दुरून कुणाला तरी दिसावं म्हणून ती बनली. तिचे नियम सोलास नावाच्या आंतरराष्ट्रीय करारातून येतात. टायटॅनिक बुडाल्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ साली, या कराराचा पहिला मसुदा झाला. आजच्या नियमानुसार हातात धरायच्या फ्लेअरचा उजेड सरासरी किमान १५,००० कँडेला हवा आणि तो किमान एक मिनिट जळायला हवा. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा उजेड. म्हणजे एका मुठीत पंधरा हजार मेणबत्त्या.

उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. त्या हिशेबाने हातफ्लेअरपासून सुमारे २४५ मीटरवर जो उजेड पडतो तो पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. काळोख्या खाडीत पाव किलोमीटरवर चांदणं पाडणारी ही वस्तू किती उत्तम बनवली आहे, ते यावरून कळतं. दहा मीटरवर तोच उजेड १५० लक्स होतो, एक मीटरवर १५,००० लक्स. आणि स्टेडियममध्ये शेजारची खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटरवर असते. तिथे हिशेब येतो ७४,००० लक्सचा. भर दुपारचं ऊन असतं एक लाखाच्या आसपास. बोटीवर माणूस फ्लेअर पेटवतो तेव्हा हात लांब करून, वाऱ्याकडे पाठ करून, पाण्यावर धरतो. स्टँडमध्ये हात लांब केला की तो थेट दुसऱ्याच्या चेहऱ्यापाशी जातो.

उष्णतेचाही हिशेब करून बघू. फ्लेअरमधलं मॅग्नेशियम जळताना किलोमागे सुमारे २४.७ मेगाज्यूल उष्णता देतं. हिशेबापुरतं धरू की नळीत ५० ग्रॅम मॅग्नेशियम आहे आणि ते एका मिनिटात जळून जातं. तर त्या मिनिटभर साधारण २० किलोवॉट शक्ती बाहेर पडते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॉटचा असतो. म्हणजे आठ-दहा बर्नर एकाच वेळी मोठ्या आचेवर, एका मुठीत.

आणि ही आग विझत नाही. फ्लेअरच्या मिश्रणात नायट्रेटसारखा क्षार असतो. जळायला लागणारा ऑक्सिजन त्यातूनच मिळतो, हवेची गरज पडत नाही. त्यामुळे पेटलेला फ्लेअर पाण्याखालीही जळत राहतो. वर जळतं मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन सोडतं, जो स्वतःच पेटतो. म्हणून युरोपातल्या मैदानांवर सुरक्षा कर्मचारी वाळूची बादली घेऊन धावतात, पाण्याची नाही. आपल्याकडच्या गावच्या स्पर्धेत वाळूची बादली कुठे ठेवली आहे हे किती आयोजकांना सांगता येईल?

हातफ्लेअरपेक्षा भयानक म्हणजे पॅराशूटचं रॉकेट. नियम असा की ते किमान ३०० मीटर उंच जायला हवं, वर जाऊन किमान ३०,००० कँडेला उजेडाने किमान ४० सेकंद जळायला हवं, आणि छत्रीला लटकत खाली येताना सेकंदाला ५ मीटरपेक्षा वेगाने येता कामा नये. या आकड्यांचा एकमेकांशी गुणाकार केला की त्यामागचं शहाणपण दिसतं. ४० सेकंद गुणिले ५ मीटर म्हणजे २०० मीटर. ३०० मीटरवरून निघालेली आग २०० मीटर खाली येते आणि विझते. पाण्यापर्यंत, बोटीपर्यंत अजून १०० मीटर शिल्लक असतात. आग माणसापर्यंत पोचूच नये असं या नियमातच लिहून ठेवलेलं आहे. वर जळत असताना खाली जो उजेड पडतो तोही तेवढाच सौम्य, एक तृतीयांश लक्स, पुन्हा पौर्णिमेइतकाच.

हेच रॉकेट आडवं सोडलं तर काय होतं? हवेचा अडथळा सोडून दिला तरी ३०० मीटर उंची गाठायला सुटतानाचा वेग ताशी २७० किलोमीटरच्या पुढे लागतो. फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब. या वेगाने ते पार व्हायला दीड सेकंदही पुरेसा आहे. समोरच्या स्टँडमधल्या माणसाला काहीतरी येतंय हे कळेपर्यंत ते आलेलं असतं.

हा कागदावरचा हिशेब राहिलेला नाही. २८ ऑक्टोबर १९७९ रोजी रोममध्ये रोमा आणि लाझिओ यांच्या सामन्याआधी एका टोकाच्या स्टँडमधून बोटीवरचं रॉकेट सुटलं, अख्खं मैदान ओलांडून दुसऱ्या टोकाला गेलं आणि ३३ वर्षांच्या एका मेकॅनिकच्या डोक्यात घुसलं. खेळ सुरू व्हायला अजून तासभर होता. १९९२ च्या मार्चमध्ये बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर १३ वर्षांचा मुलगा गेला. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी कार्डिफमध्ये वेल्स आणि रुमानिया यांचा विश्वचषक पात्रता सामना संपला आणि स्टँडवर उडालेल्या रॉकेटने ६७ वर्षांच्या एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्याचा जीव घेतला. २० फेब्रुवारी २०१३ रोजी बोलिव्हियातल्या ओरुरोमध्ये १४ वर्षांचा मुलगा. चार गावं, तीन दशकांहून जास्त काळ, आणि हत्यार तेच, बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी बनवलेलं. यातल्या कुणाला मारायचं म्हणून ते सोडलेलं असेल असं मला वाटत नाही. पण वस्तूला हेतू कळत नाही, तिला फक्त मोकळं आकाश लागतं आणि ते स्टेडियममध्ये नसतं.

फ्लेअर कुणाला लागला नाही तरी काय होऊ शकतं, याचं उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. ३ सप्टेंबर १९८९, रिओचं माराकाना, सुमारे १ लाख ४० हजार प्रेक्षक. ब्राझील १-० ने पुढे. स्टँडमधून आलेला एक फ्लेअर चिलीचा गोलरक्षक रोबेर्तो रोहासजवळ पडला आणि रोहास रक्तबंबाळ होऊन कोसळला. चिलीचा संघ मैदान सोडून गेला. नंतर छायाचित्रांतून दिसलं की फ्लेअर त्याला लागलाच नव्हता. हातमोज्यात लपवलेल्या ब्लेडने त्याने स्वतःच कपाळ कापून घेतलं होतं. त्याच्यावर आजन्म बंदी आली आणि चिलीला १९९४ च्या विश्वचषकातून बाहेर ठेवलं गेलं. एक नळी, एक मिनिट, आणि एका देशाची चार वर्षं. २००५ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या दोन क्लबांत चॅम्पियन्स लीगचा सामना चालू असताना एसी मिलानचा गोलरक्षक दिदा याच्या खांद्यावर खरोखरच फ्लेअर आदळला. तो सामना अर्ध्यावर थांबला. इंटरला दंड झाला आणि पुढचे घरचे युरोपीय सामने रिकाम्या स्टँडपुढे खेळावे लागले.

आता धुराकडे. स्मोक बॉम्ब फ्लेअरपेक्षा थंड असतो हे खरं आहे. त्यात रंग, पोटॅशियम क्लोरेट, साखरेच्या जातीचा एखादा पदार्थ आणि आच कमी ठेवायला खायच्या सोड्यासारखं काहीतरी असतं. रंग जळत नाही, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत येताच ती गोठून तिचे बारीक कण होतात. किती बारीक? कण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा धरला, तर एका ग्रॅम रंगाचे साधारण दीड लाख कोटी कण होतात. नळीत ४० ग्रॅम रंग असेल तर ६० लाख कोटी. भारतातल्या १४० कोटी माणसांना वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस हजारांहून जास्त येतील. एका नळीतून.

असा धूर जवळून घेतला तर छातीत किती जातो, याचा अंदाज पुण्याने दिलेला आहे. २०१६ साली तिथल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन दिवाळीचे फटाके, मुलं जेवढ्या अंतरावर उभी राहतात तेवढ्या अंतरावरून मोजले. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. भारताचं चोवीस तासांचं मानक आहे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. भुईनळ्याने ४,८६० ची उंची गाठली, फुलबाजीने १०,३९०, हजाराच्या माळेने ३८,५४०. आणि सगळ्यांत वर कोण? आवाज न करणारी, सगळ्यांना निरुपद्रवी वाटणारी नागगोळी. ६४,५००. मानकाच्या हजारपटीहून जास्त. संशोधकांनी तिची तुलना ४६४ सिगारेटींशी केली.

नागगोळी आणि रंगीत धूर एक नाहीत, त्यांचं रसायन वेगळं आहे. पण जे आवाज करत नाही ते निरुपद्रवी, हा आपला समज किती चुकीचा आहे हे त्या आकड्याने दाखवलं. ६४,५०० च्या हवेत अर्ध्या लिटरचा एक श्वास घेतला, तर एक मायक्रॉनच्या कणांच्या हिशेबाने पाच कोटींच्या आसपास कण एका श्वासात आत जातात. आणि सामना बघणारा शांत श्वास घेत नाही. तो ओरडत असतो.

धुराचा दुसरा धोका डोळ्यांना. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलांगमध्ये सामन्यानंतर पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला. लोक दरवाजांकडे पळाले, दरवाजे अरुंद, आणि १३५ माणसं गेली. तो धूर प्रेक्षकांनी सोडलेला नव्हता आणि तो रंगीत धूरही नव्हता. पण गच्च भरलेल्या जागेत दिसेनासं झालं, घसा जळायला लागला, की गर्दी काय करते ते तिथे दिसलं. आपल्याकडेही २०२५ च्या फेब्रुवारीत केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात अरीकोड इथे सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी उडवलेले फटाके प्रेक्षकांत घुसले आणि तीसहून जास्त लोक जखमी झाले. तिथलं मैदान आणि आपल्या पट्ट्यातलं मैदान यांत फारसा फरक नाही. बांबूची कुंपणं तीच, सीमारेषेला चिकटून बसलेली लहान मुलं तीच.

फुटबॉलच्या वेडाबद्दल मला आदर आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ उतरतात तेव्हा अख्ख्या पेठा रिकाम्या होतात. त्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला, हे त्या वेडाचंच फळ. स्टँड लाल झाली की अंगावर काटा येतो हेही मान्य. जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबने २०२० च्या फेब्रुवारीत यावर एक वाट काढून बघितली. परवानगी घेऊन, ठरलेल्या जागी, ठरलेल्या माणसांनी, दहा धूरनळ्या पेटवल्या. आकडा लक्षात घ्या, दहा. त्याही गर्दीच्या मधोमध नव्हत्या.

माझं मत स्पष्ट आहे. फ्लेअर आणि पॅराशूट रॉकेट सामन्याच्या दारातून आत येता कामा नयेत, ना नेरूळला, ना कोल्हापूरला, ना पेण-रोह्याच्या मैदानात. त्यांची जागा धरमतरच्या पलीकडे समुद्रात जाणाऱ्या बोटीवर आहे आणि तिथे ती प्रत्येक बोटीवर असायलाच हवी. रंगीत धूर आयोजकांना हवाच असेल, तर तो मोकळ्या मैदानात, प्रेक्षकांपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, वाळूची बादली शेजारी ठेवून आयोजकांच्या माणसानेच सोडावा. बाकी आवाजासाठी आपल्याकडे हलगी आहे, ढोल-ताशा आहे.

आणि तुमच्या शेजारी कुणी फ्लेअर पेटवलाच, तर एवढं करा. त्याच्या हातातून तो हिसकावू नका आणि लाथ मारून उडवू नका, कारण खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये अंतर पाऊण मीटरचं असतं आणि तीन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ऐंशीच्या आसपास माणसं बसलेली असतात. त्यावर पाणी ओतू नका. आधी लहान मुलांना बाजूला घ्या, मग स्वतः सरका आणि वाळू मागवा.