स्ट्रक्चरल ऑडिट : अभियंता आला की घराचे दार उघडा

मुंबई, प्रतिनिधी

घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्क परिसरातील साईदर्शन ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जणांचे प्राण गेले. तळमजल्यावर सुरू असलेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप नंतर झाला. त्यापूर्वी दहा वर्षे, जुलै २००७ मध्ये बोरिवलीची लक्ष्मी छाया इमारत पडली, तेव्हाही तळमजल्यावरील दुकानातील फेरबदलांकडेच बोट दाखवले गेले होते. वरच्या मजल्यांवरील कुटुंबांचा जीव खालच्या खांबांत असतो. म्हणूनच इमारतीची तपासणी एकेका घरापुरती न राहता संपूर्ण सांगाड्याची व्हावी लागते.

मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी त्याही आधीची वेळ ठरवली आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींसाठी दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी, असे त्यांत म्हटले आहे. प्रत्यक्षात बहुतेक सोसायट्यांना जाग येते ती वॉर्ड कार्यालयाची नोटीस हाती पडल्यावर.

अभियंता प्रथम कागद मागतो. मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, पूर्वीच्या दुरुस्तीची बिले यांची त्याला गरज असते. जुन्या सोसायट्यांत मूळ नकाशे हरवलेले असणे ही नित्याची गोष्ट. अशा वेळी खांब, तुळया पुन्हा मोजाव्या लागतात आणि आतील सळयांचा ठाव उपकरणाने घ्यावा लागतो.

त्यानंतर होते ती डोळ्यांनी पाहणी, आणि खरी अडचण येथेच उद्भवते. अभियंत्याला प्रत्येक घरात जायचे असते. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर आणि संडास यांच्याखालचे छत, खिडक्यांवरील सज्जे, बंदिस्त केलेल्या बाल्कन्या, पाडलेल्या भिंती हे सारे त्याला पाहायचे असते. गच्चीवरही बरेच काही सापडते. गळती थांबावी म्हणून जुना थर न काढता कोब्याचे थरावर थर चढवले जातात आणि स्लॅबवरील भार वाढत जातो. मात्र कुणी घर बंद ठेवते, कुणी पाहुणे आल्याचे सांगते, तर कुणाच्या छताला नुकतेच पीओपी केलेले असते. त्या पीओपीमागे गिलावा फुगला आहे की सळया उघड्या पडल्या आहेत, हे बाहेरून कळत नाही. तासाभरात जिने चढून-उतरून दिलेला आणि केवळ छायाचित्रांनी भरलेला अहवाल स्वस्त पडत असेल. त्याला तपासणी म्हणणे कठीण आहे.

पाहणीनंतर उपकरणांच्या चाचण्या होतात. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा कळतो. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहरी काँक्रीटमधून पाठवतात. त्यांचा वेग सेकंदाला तीन किलोमीटरहून कमी भरला, तर आत पोकळ्या किंवा भेगा असण्याची दाट शक्यता असते. काही ठिकाणी यंत्राने काँक्रीटचा गोल नमुना काढून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. ताज्या तोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थेलिन शिंपडले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते. रंग न बदलणाऱ्या थराने सळयांना गंजापासून वाचवण्याची शक्ती गमावलेली असते. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. नुसता गिलावा करून रंग काढल्याने हे थांबत नाही, तरी दरवर्षी पावसाळ्यानंतर उपनगरांत हेच होताना दिसते.

अहवालाच्या अखेरीस इमारतीला श्रेणी मिळते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक. ती रिकामी करून पाडायची असते. सी-२ए मध्ये इमारत रिकामी करून मोठी दुरुस्ती करावी लागते, सी-२बी मध्ये रहिवासी राहत असताना संरचनात्मक दुरुस्ती होऊ शकते आणि सी-३ मध्ये किरकोळ कामे पुरेशी असतात. सी-१ आणि सी-२बी यांत मोजके शब्द बदलतात, पण त्यावर घर राहणार की सोडावे लागणार हे ठरते. पुनर्विकासाची घाई असलेल्यांना एक श्रेणी हवी असते, घर न सोडणाऱ्यांना दुसरी. दोन अहवाल परस्परविरोधी आले, तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. म्हणून सभासदांनी केवळ शेवटचे पान न वाचता चाचण्या कोणत्या खांबांवर झाल्या, किती घरे पाहिली आणि कोणती राहून गेली, हे सेक्रेटरीकडून अहवाल मागवून पाहावे.

इमारत रिकामी करण्याची वेळ आलीच, तर पाडकामापूर्वी पालिका प्रत्येक घराच्या क्षेत्रफळाची मोजणी करून नोंद ठेवते. ही मोजणी होताना स्वतः हजर राहावे आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी. पुढे नव्या इमारतीत किती जागा मिळणार, याच्या वादात हाच कागद कामी येतो.