कुडाची भिंत आणि अणूंची पैसेवारी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड व त्यावर शेणामातीचा लेप, अशी भिंत कोणी पाहिली नाही? माती एकटी भेगाळते, काड्या एकट्या डुलतात. दोन्ही एकत्र आल्या की भिंत उभी राहते. अशा जोडपदार्थाला शास्त्रात 'संमिश्र' म्हणतात.

आता मातीऐवजी तापविल्यावर मऊ व निवल्यावर घट्ट होणारे प्लॅस्टिक घ्या आणि काड्यांऐवजी कापसातील सेल्युलोजचे नॅनोकण. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सरकीवरील आखूड तंतूंपासून असे नॅनोसेल्युलोज मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तयार केले आहे.

कण इतके बारीक कशासाठी? 1 सेंटिमीटरच्या घनाचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. त्याचेच 10 नॅनोमीटरचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ 600 चौरस मीटर भरते! प्लॅस्टिकला पकड घ्यावयास तेवढी जागा मिळते. परंतु सेल्युलोजला पाणी प्रिय, पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकला नावडते. मिश्रण जमले नाही, तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात व तेथूनच तडा जातो.

हे आधी गणिताने कळेल काय? एक घन मिलिमीटर प्लॅस्टिकात 1 वर 20 शून्ये इतके अणू असतात. सर्वांचा हिशेब कोणत्याही संगणकाला अशक्य. येथे आपली पैसेवारी आठवावी. सारे शिवार कोणी कापून मोजत नाही. काही शेतांतील ठरावीक तुकडे कापून गावाचा अंदाज बांधतात. तसेच येथे प्रथम काही हजार अणूंची ओढाताण मोजतात. मग अणूंच्या गटाला एक मणी मानून साखळ्या कणाला कशा बिलगतात ते पाहतात. पुढे कणांसह प्लॅस्टिकचा लहानसा नमुना गणितातच ताणतात आणि शेवटी अखंड वस्तू. प्रत्येक पायरीचे उत्तर वरच्या पायरीला मिळते. यालाच बहुस्तरीय प्रतिमान म्हणतात. रसायनशास्त्रातील अशाच प्रतिमानांसाठी कार्प्लस, लेविट व वॉर्शेल यांना 2013 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र पैसेवारीची खोटही आपण जाणतो. गावाची सरासरी 50 पैशांवर गेली, तरी एखाद्याचे शेत बुडालेलेच असते. प्लॅस्टिकचा कडकपणा सरासरीने बराचसा सांगता येतो. तुटणे मात्र सर्वांत कमकुवत जागेवर ठरते. म्हणून शास्त्रज्ञाला पुन्हा खालच्या पायरीवर उतरून ती गुठळी शोधावी लागते आणि प्रयोगशाळेत खरा तुकडा तोडून उत्तर पडताळावे लागते. सरासरी काढणाऱ्याने बुडालेले शेतही पाहावे, एवढे आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही यातून घ्यावे.