येरवडा ते लोकसभा

मनोहर जोशी २३ फेब्रुवारी २०२४ रोजी निवर्तले, तेव्हा मुंबईस माजी महापौर आठवला, महाराष्ट्रास माजी मुख्यमंत्री. टिळकवाडीतील मराठी माणसास आठवावे ते १९६९ साल. बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवण्याच्या महाजन आयोगाच्या शिफारशीविरुद्ध शिवसेनेने मुंबईत रान उठविले आणि बाळासाहेब ठाकरे यांच्यासमवेत जोशींनीही येरवड्याचा कारावास सोसला.

नांदवीच्या भिक्षुकाच्या घरातील हा मुलगा १९७६ मध्ये महापौर, १९९५ मध्ये मुख्यमंत्री, १९९९ मध्ये केंद्रीय मंत्री आणि २००२ मध्ये लोकसभेचा अध्यक्ष झाला. हा प्रवास कोणासही भूषणावह वाटावा. पण सीमाभागाच्या पदरात काय पडले? १९९८ मध्ये मुंबईत जोशींची सत्ता होती, दिल्लीत मित्रपक्षाची. मात्र त्याच वाजपेयी मंत्रिमंडळात कर्नाटकचे रामकृष्ण हेगडेही बसले होते. दोन्ही राज्यांतील मित्र सांभाळणाऱ्या सरकारने या प्रश्नास हात घालावा कशाला? लोकसभाध्यक्षास तर पक्षपात वर्ज्यच; त्याबद्दल आमची तक्रार नाही. मुख्यमंत्र्यास मात्र न्यायालयाचे दार मोकळे होते. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा गुदरला तो २००४ मध्ये, आणि तोही जोशींच्या विरोधकांच्या राजवटीत.