मोटारीचे टायर : मूळचेच घ्यावे की दुसरे?

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव झिजली म्हणजे आपले वाडवडील लोहाराकडे जात. लोहार आधी चाकाचा घेर मापी, त्याहून किंचित लहान धाव घडवी, गोवऱ्यांच्या आगीत ती तापवून फुगवी आणि चाकावर चढवून तिच्यावर पाणी ओती. थंड होताच धाव अशी आवळून बसे की वर्षानुवर्षे हलत नसे. हे लोखंड कोणत्या कारखान्याचे, असे कोणी विचारीत नसे. धाव आपल्या चाकाला बसते की नाही, आपले ओझे सोसते की नाही, एवढेच पाहावयाचे असे.

आता आदिलाबादच्या बाजारात कापूस आणणाऱ्या बैलगाड्यांनाही रबरी टायर आलेले आहेत आणि अनेक घरांच्या अंगणात मोटार उभी आहे. मोटारीबरोबर आलेले टायर काही वर्षांनी झिजतात. मग प्रश्न पडतो, कारखान्याने बसविले होते तसलेच पुन्हा घ्यावेत की दुसरे चालतील? प्रश्न पैशाचा आहेच, परंतु त्याहून अधिक तो घरच्या माणसांच्या जिवाचा आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले.

गेल्या एप्रिलात आमच्या नात्यात लग्न होते. त्यासाठी आमचा पुतण्या हैदराबादहून आपली मोटार घेऊन आदिलाबादला आला. परत जाताना सोबत आजी, बायको आणि दोन मुले, असा बेत ठरलेला. आम्ही सहज गाडीभोवती फिरलो, तो पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी जवळजवळ सपाट झालेली दिसली. खाचांच्या तळाशी लहान रबरी उंचवटे असतात. खाच १.६ मिलिमीटर एवढीच खोल उरली म्हणजे ते नक्षीच्या पातळीला येऊन भिडतात. मोटारीचा टायर त्यापुढे वापरू नये, ही त्यांची खूण. पुतण्याच्या पुढच्या टायरांत ते उंचवटे नक्षीशी एकजीव झाले होते.

"काका, हैदराबादला गेल्यावर बदलतो," तो म्हणाला.

आम्ही म्हणालो, "हैदराबाद येथून तीनशे किलोमीटर आहे. त्या तीनशे किलोमीटरांत आजी गाडीत बसलेली असेल."

आदिलाबादवरून जाणारा हा रस्ता म्हणजे श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग ४४. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्राची हद्द लागते. दक्षिणेस गुडीहतनूर, इच्चोडा, नेरडीगोंडा करीत रस्ता निर्मलकडे उतरतो आणि पुढे गोदावरी ओलांडतो. रुंद, गुळगुळीत रस्ता आहे, आणि धोका त्या गुळगुळीतपणातच आहे. खाचखळग्यांच्या रस्त्यावर जो टायर चाळीसच्या वेगाने कसाबसा तग धरतो, तोच येथे शंभरच्या वेगाने पळविला जातो. एप्रिल-मे महिन्यांत तापलेले डांबर, गाडीत भरलेली माणसे आणि टायरात कमी हवा, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे टायर फुटावयास वेळ लागत नाही.

तेव्हा आम्ही दोघे टायरच्या दुकानी गेलो. दुकानदाराने तीन जोड्या पुढे मांडल्या. पहिली, कारखान्याने बसविलेल्या त्याच नावाची. दुसरी, वेगळ्या कंपनीची, परंतु त्याच मापाची. तिसरी अधिक रुंद, दिसावयास झोकदार आणि त्या दिवशी सवलतीत. पुतण्याची दृष्टी अर्थातच तिसऱ्या जोडीवर खिळली. "शर्यतीच्या गाडीसारखी दिसेल," असे तो म्हणाला.

आम्ही त्याला टायरच्या बाजूवरचा मजकूर वाचावयास सांगितले. त्याच्या गाडीच्या टायरावर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले होते. ह्या अक्षरांत कोडे काहीच नाही. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरांत. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ६५. आर म्हणजे रेडियल बांधणी, जिचे पेटंट फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ साली घेतले. १५ हा आतल्या लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. ८८ हा वजनाचा अंक असून त्याचा अर्थ एका टायरावर ५६० किलो भार चालतो. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत टिकण्याची पात्रता.

हा मजकूर म्हणजे लोहाराने घेतलेले चाकाचे माप होय. चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कोणती मापे चालतात आणि हवा किती भरावी हे छापलेले असते. त्यातील माप सोडू नये. वजनाचा अंक आणि वेगाचे अक्षर मूळच्याहून वरचे असले तर हरकत नाही, खालचे मात्र कधीही नसावे.

आता ती रुंद जोडी पाहा. तिच्यावर २०५/६५ आर १५ असे होते. हिशेब केला तर मूळच्या टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर आणि ह्याचा ६४७ मिलिमीटर, म्हणजे शेकडा चारांहून अधिक मोठा. असे टायर चारही चाकांना घातले तर काटा ताशी ८० दाखवील तेव्हा गाडी ८३ च्या वेगाने धावत असेल. गाडी माणसांनी भरली म्हणजे टायर वरच्या पत्र्याला घासण्याचा संभव. इंजिनाला ओढ जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त. शिवाय रुंद टायर पावसात साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो. नुसत्या पुढच्या चाकांना असे टायर घातले तर मागचे चाक लहान आणि पुढचे मोठे, हा आणखी एक घोटाळा. पुतण्याने मुकाट्याने तिसरी जोडी बाजूला सारली.

उरल्या दोन. येथे पुतण्याने विचारले ते अगदी रास्त होते. "काका, मोठ्या स्पोर्ट्स गाड्यांचे मालक तर मूळच्याच टायरांचा हट्ट धरतात. मग आपण का धरू नये?"

त्याचे उत्तर असे. स्पोर्ट्स मोटार बनविणारा कारखाना आणि टायरचा कारखाना मिळून त्या एका गाडीसाठी टायर घडवितात आणि पारखतात. पोर्श कंपनी आपण मान्य केलेल्या टायरावर एन हे अक्षर आणि एक अंक छापविते, बीएमडब्ल्यू एक तारा काढविते, मर्सिडीझ एमओ ही अक्षरे घालविते. त्याच नावाचा, त्याच मापाचा, परंतु ही खूण नसलेला टायर आतून निराळा असू शकतो. अशा कित्येक गाड्यांचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असतात. ताशी दोनशेच्या वेगाने वळण घेताना एवढासा फरकही गाडीला जाणवतो. म्हणून तेथे मूळचाच टायर घेणे शहाणपणाचे.

घरगुती गाडीची गोष्ट निराळी. तिच्यासाठी टायर निवडताना कारखाना गाडीचे ब्रेक आणि स्प्रिंगा तर पाहतोच, परंतु किंमत, आवाज आणि पेट्रोलची बचत ह्यांचाही मेळ घालतो. हा मेळ वाईट नव्हे. मात्र तो सर्व देशाच्या गिऱ्हाइकांसाठी घातलेला असतो, जैनथ किंवा बेल्याच्या काळ्या मातीतून रोज जाणाऱ्या एकासाठी नव्हे. ज्याचे बहुतेक जाणे खडीच्या वाटेने आहे, त्याने त्याच मापाचा परंतु जाड बाजूचा टायर घेतला तर त्यात त्याचा फायदाच आहे. जो महामार्गावरच धावतो, त्याने ओल्या रस्त्यावर चांगली पकड घेणारा घ्यावा. तेव्हा घरगुती गाडीला माप मूळचे असावे, नाव दुसरे असले तरी चालेल.

आमचा निर्णय शेवटी एका बारीक गोष्टीने झाला. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मूळच्या नावाची जोडी दुकानात चार वर्षे पडून होती. दुसऱ्या कंपनीची त्याच मापाची जोडी चारच महिन्यांपूर्वीची. रबर न वापरताही म्हातारे होते. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नये, असा सल्ला मोठे कारखानदारही देतात. दुसऱ्या जोडीवर मोटारीच्या टायरांसाठी असलेली आयएस १५६३३ ही आयएसआयची खूणही होती. आम्ही ती घेतली.

चारही टायर एकदम बदलणे उत्तम खरे, परंतु लग्नाच्या खर्चानंतर पुतण्याचा खिसा दोनच टायरांपुरता होता. मागच्या दोहोंची नक्षी अद्याप चांगली होती. आमच्या सांगण्यावरून मिस्त्रीने मागचे टायर पुढे आणले आणि नवे मागे बसविले. पुतण्या बुचकळ्यात पडला, कारण नवे पुढेच हवेत अशी सर्वांची समजूत असते. परंतु ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर निदान ते चालकाच्या हाताला कळते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ती सावरणे सामान्य माणसाच्या हाती राहत नाही. म्हणून अधिक पकडीचे टायर मागे. एका आसावरचे दोन्ही टायर मात्र एकाच जातीचे आणि सारखे झिजलेले असावेत.

ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांनाही हाच नियम लागू. तिचे पुढचे आणि मागचे टायर निराळे असतात, बाजूवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असतो, तो पाहूनच टायर बसवावा. मागे रुंद टायर घालण्याच्या नादात तो साखळीला घासणार नाही, हे पाहावे.

आणि टायर कोणताही घ्या, हवा बरोबर नसेल तर सारे व्यर्थ. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात चुरगळतो आणि चुरगळून आतून तापतो. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवण्याची जी रीत पुष्कळांत आहे, ती उलट टायर फुटण्याचे कारण होते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. प्रवासात तापून ती दोन-चार पौंड वाढलेली दिसली तर काढू नये. अधिक माणसे नेताना पुस्तिकेत भरल्या गाडीसाठी दिलेला आकडा पाळावा. राखीव चाकालाही विसरू नये.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन तापण्यापूर्वी, पुतण्याने गाडी काढली. दुपारी त्याचा फोन आला. सर्व सुखरूप पोहोचले होते. मग त्याने फोन आजीच्या हाती दिला. बैलगाडीच्या धावेची कुरकुर ऐकत लहानाची मोठी झालेली ती माउली म्हणाली, "अरे, वाटभर चाके काही बोललीच नाहीत बघ."

चाके अशीच मुकी असावीत. वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या गाडीपाशी दोन मिनिटे बसा, नक्षीच्या खाचा आणि ते चार आकडे पाहा. पुढच्या प्रवासाला निघण्यापूर्वी एवढे पुरे आहे.