शेडमधले अर्धवट नळकाम : जोडण्याआधी काय पाहावे?



उसाच्या बिलावर घर बांधायचे म्हटले की काम टप्प्याटप्प्यानेच चालते. एका हंगामाच्या बिलात जोते, पुढच्या बिलात स्लॅब. घराशेजारी ट्रॅक्टरसाठी नि गाडीसाठी अलग शेड काढली, तर तिचे नळकाम हमखास मागे राहते. कोबा करण्याआधी गवंडी चार पाइप वर काढून ठेवतो, तोंडात सिमेंटची पिशवी कोंबतो आणि "पुढचं पुढं बघू" म्हणून दुसऱ्या कामावर जातो. पाच-सात वर्षांनी शेडच्या कोपऱ्यात कामाच्या माणसांसाठी संडास-मोरी करावी असे घरात ठरते, तेव्हा कोणता पाइप कशाचा हे सांगायला कोणी नसते. तयार घर विकत घेतलेले असेल, तर विचारायलाच नको.

अशा वेळी पाइप वर आला आहे म्हणजे तो खाली कुठेतरी जोडलेला असणारच, असे धरून आपण भांडे बसवून मोकळे होतो. तसे करू नये. पाइपाचे वरचे तोंड बघून काही कळत नाही, त्याचे दुसरे टोक सापडले पाहिजे.

पहिल्यांदा जाडी पाहावी. पाइपाभोवती सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजावी. घेर साधारण साडेचौतीस सेंटिमीटर भरला तर तो ११० मिलिमीटरचा पाइप, म्हणजे संडासाचा. साडेतेवीसच्या आसपास भरला तर ७५ मिलिमीटरचा, म्हणजे मोरीचा किंवा बेसिनचा. पाइपावर काही छापलेले दिसले तर तेही वाचावे. आयएस १३५९२ असेल तर तो सांडपाण्याच्या जातीचा पाइप. त्यातला 'टाइप ए' हा हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो, तर 'टाइप बी' मैल्यासाठी व सांडपाण्यासाठी. आयएस ४९८५ असेल तर तो पाणी आणण्याचा पाइप. पण गवंडी हाताला लागेल तो तुकडा लावतो हेही आपल्याला माहीत आहे, म्हणून नुसत्या छाप्यावर विसंबू नये.

मग जागा बघावी. भिंतीपासून नऊ ते बारा इंचांवर जमिनीतून वर आलेला जाड पाइप बहुधा कमोडसाठी ठेवलेला असतो. कोपऱ्यात कोब्याच्या पातळीला ७५ चा पाइप असेल तर तिथे नहाणी ट्रॅप यायचा होता. भिंतीत दीड-दोन फुटांवर पाइपाचे तोंड आणि जवळच अर्ध्या इंची नळाचे टोक दिसले, तर ती बेसिनची जागा. भिंतीला चिकटून सरळ पत्र्याच्या वर गेलेला पाइप हवेचा. त्याला बिनकामाचा समजून कापू नका. तो नसला तर भांड्यात एकदम पाणी सोडल्यावर ट्रॅपमधले पाणी ओढले जाते आणि टाकीची घाण शेडभर सुटते.

आता खरी परीक्षा. बाहेरच्या सगळ्या चेंबरांची झाकणे काढा. बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवून एकेका पाइपात ओता आणि चेंबरापाशी माणूस उभा करा. निळे पाणी आले तर वाट मोकळी आहे. पाणी पाइपातच उभे राहिले तर मध्ये सिमेंटचा गोळा, खडी नाही तर उंदराचे बीळ आहे. दोन-तीन बादल्या ओतल्या, पाइप भरलाही नाही आणि चेंबरात थेंबही आला नाही, हे मात्र सर्वांत वाईट. म्हणजे पाइप भरावातच संपला आहे किंवा मध्ये निखळला आहे आणि पाणी जोत्याखाली मुरते आहे. असा पाइप वापरात आणला तर वर्षा-दोन वर्षांत कोबा खचतो.

इथे एक सक्त सूचना. सेप्टिक टाकीचे झाकण उघडून कोणाला आत उतरवू नये, आत वाकून काडी ओढून पाहू नये. आतला वायू माणसाला हाक मारायलाही सवड देत नाही, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवून साफसफाई करून घेणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

वाट मोकळी निघाली तरी ढाळ पाहायचा राहतोच, आणि आमच्या मते शेडच्या नळकामाची खरी गोम इथेच आहे. घराचे जोते आपण उंच घेतो आणि सेप्टिक टाकी त्या हिशेबाने बसते. शेडचा कोबा मात्र ट्रॅक्टर सहज चढावा म्हणून जमिनीबरोबर ठेवतो. मग शेडमधला मैला त्या टाकीत जायचा कसा? साठ फुटांना एक फूट एवढा ढाळ तरी लागतोच, चाळीस फुटांना एक फूट मिळाला तर उत्तम. शेड टाकीपासून चाळीस फुटांवर असेल तर किमान आठ इंच उतार हवा, आणि भांड्याखालच्या ट्रॅपची खोली त्याआधीच खर्ची पडलेली असते. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, त्यात बुडबुडा राहू देऊ नका, आणि शेडमधल्या पाइपाचा तळ व टाकीच्या तोंडाचा तळ यांत किती फरक पडतो ते मोजा. फरक कमी भरला तर संडासापुरता दोन पायऱ्यांचा ओटा उचलावा. शेडसाठी छोटी टाकी अलग करायची झाल्यास तिचा शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर तरी लांब हवा, असे आयएस २४७० हे मानक सांगते. काळ्या रानात शोषखड्डा लवकर शोषत नाही, हे खोली ठरवताना ध्यानात असू द्या.

पाणी आणणारा अर्धा इंची नळ कुठून आला आहे तेही तपासा. घरावरच्या टाकीचा कॉक बंद करून बघा. नळ थांबला तर ठीक. मोटार चालू केल्यावरच त्याला पाणी येत असेल, तर तो शेताच्या लाइनवर आहे. ज्या लाइनवर व्हेंचुरी लावून युरिया किंवा इतर विद्राव्य खत सोडता, तिच्यावर पिण्याचा नळ कदापि नको. मोटार बंद पडली की पाणी उलटे फिरते, आणि लेकरू त्याच नळाला ओंजळ लावते. अशा लाइनचा नळ शेडमध्ये हवाच असेल तर तो धुण्यापुरता ठेवा आणि त्याला तांबडा रंग द्या. पिण्याची टाकी वेगळ्या पाइपाने भरावी आणि तो पाइप टाकीतल्या पाण्यात बुडू न देता वरून सोडावा.

ट्रॅक्टरखालच्या कोब्यात नहाणी ट्रॅपचे तोंड निघाले असेल तर ते संडासाच्या टाकीला जोडू नये. ऑइल, डिझेल आणि फवारणीच्या पंपाचे धुवण टाकीत गेले की मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि टाकी लवकर तुंबते. तेच पाणी शोषखड्ड्यातून विहिरीकडे जाते. सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकून तो झाडून घ्यावा. ते तोंड प्लग लावून बंद ठेवलेले बरे.

एवढे झाल्यावर, फरशीच्या आधी, खालचे टोक चेंबरात प्लगने बंद करून पाइप तोंडापर्यंत भरावा, पातळीवर खूण करावी आणि रात्रभर राहू द्यावा. सकाळी पाणी खुणेवर असेल तर प्लंबरला बोलवा. उतरलेले असेल तर गळका सांधा शोधल्याशिवाय फरशीची गाडी मागवू नका.